काळ्या साक्यातून उमललेला रंग : विल्यम हेन्री पर्किन

आमच्या महाविद्यालयात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा नाही. कला शाखेचे महाविद्यालय आहे, तेव्हा ती असण्याचे कारणही नाही. मग बी. ए. च्या दुसऱ्या वर्षातील एका विद्यार्थिनीने रसायनशास्त्रज्ञाचे चरित्र का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे उत्तर आधी देते.

गेल्या वर्षी इतिहासाच्या तासाला बंगालमधील १८५९-६० चा नीळ उत्पादकांचा उठाव शिकत होतो. पुढे १९१७ साली चंपारण्यातही नीळच होती. पण मला एकच प्रश्न सतावत होता. ज्या निळीपायी एवढे अत्याचार झाले, ती नीळ आज शेतात कोठेच कशी दिसत नाही? सरांनी सांगितले, ती जर्मनीच्या कारखान्यात तयार होऊ लागली म्हणून. मग कारखान्यात रंग करता येतो हे पहिल्यांदा कोणाला कळले? हे शोधता शोधता ग्रंथालयातील एका जाड पुस्तकात मला विल्यम हेन्री पर्किन भेटला. शोध लावला तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. माझ्यापेक्षा एक वर्षाने लहान! आणि त्याचा बाप सुतार होता. माझेही वडील सुतारच आहेत. ही ओळ वाचल्यावर पुस्तक खाली ठेववले नाही.

विल्यमचा जन्म १२ मार्च १८३८ रोजी लंडनच्या पूर्व भागातील शॅडवेल या वस्तीत झाला. गोदीच्या जवळची, कष्टकऱ्यांची ही वस्ती. वडील जॉर्ज पर्किन सुतारकामातून वर येऊन घरे बांधण्याची कंत्राटे घेऊ लागले होते. सात भावंडांत विल्यम सर्वांत धाकटा. बापाची हत्यारे हाताळत तो वाढला. आपणही सुतार व्हावे असे त्याला काही दिवस वाटे, मग चित्रकार व्हावेसे वाटू लागले. बारा-तेरा वर्षांचा असताना एका मित्राने त्याला स्फटिक तयार करण्याचे काही साधे प्रयोग दाखवले. पाण्यात विरघळून दिसेनासा झालेला क्षार पुन्हा रेखीव आकार घेऊन प्रकट होतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिले आणि त्याचे मन तेथेच अडकले.

पुढे तो सिटी ऑफ लंडन स्कूलमध्ये गेला. तेथे टॉमस हॉल नावाचे शिक्षक आठवड्यातून दोनदा रसायनशास्त्रावर व्याख्यान देत, तेही दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, कारण वेळापत्रकात या विषयाला जागाच नव्हती. विल्यम जेवण सोडून व्याख्यानाला बसे. वडिलांची इच्छा मुलाने वास्तुशिल्पी व्हावे अशी होती. आपण घरे बांधली, मुलाने त्यांचे नकाशे काढावेत, एवढेच त्या माणसाचे स्वप्न. रसायनशास्त्र शिकून पोट कसे भरणार हे त्यांना कळत नव्हते, आणि त्यात त्यांचा काय दोष? त्या काळी ते फारसे कोणालाच कळत नव्हते. हॉल मास्तरांनी वडिलांची समजूत घातली. १८५३ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, विल्यम रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीत दाखल झाला.

तेथील मुख्य प्राध्यापक होते ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन. जर्मन विद्वान, कडक शिस्तीचे, पण विद्यार्थ्यांना वेड लावणारे शिक्षक. दोन वर्षांत त्यांनी या पोराला आपला साहाय्यक करून घेतले. हॉफमन यांच्या अभ्यासाचा विषय होता डांबर. दगडी कोळसा बंद भट्टीत तापवला की दिव्यांसाठी गॅस मिळे, आणि मागे काळे, चिकट, दुर्गंधीचे डांबर उरे. लंडनचे रस्ते या गॅसवर उजळत होते, पण डांबराचे करायचे काय हे कोणाला सुचत नव्हते. ते ऊर्ध्वपातनाने वेगवेगळे केले की त्यातून बेंझीन मिळते, बेंझीनपासून ॲनिलीन नावाचा तेलकट द्रव करता येतो, हे तोपर्यंत माहीत झाले होते.

हॉफमन यांच्या मनात आणखी एक विचार होता. त्या काळी हिवतापावर क्विनाइन हे एकमेव खात्रीचे औषध होते. ते दक्षिण अमेरिकेतील सिंकोना झाडाच्या सालीतून निघे आणि फार महाग पडे. इंग्रजांचे राज्य हिंदुस्थानात पसरलेले, आणि येथील हिवताप त्यांच्या सैन्याला शत्रूपेक्षा जड जात होता. डांबरातून क्विनाइन करता आले तर? गुरूंनी बोलून दाखवलेला हा विचार शिष्याने मनावर घेतला.

विल्यमने घराच्या माडीवरील एका खोलीत स्वतःची छोटी प्रयोगशाळा थाटली होती. एक टेबल, बाटल्यांची काही फडताळे, एवढाच पसारा. १८५६ च्या ईस्टरच्या सुट्टीत हॉफमन जर्मनीला गेले आणि विल्यम घरच्या खोलीत कामाला लागला. त्याचा हिशेब असा होता. क्विनाइनच्या रेणूत कार्बनचे २०, हायड्रोजनचे २४, नायट्रोजनचे २ आणि ऑक्सिजनचे २ अणू असतात. डांबरातील द्रव्यांपासून करता येणाऱ्या ॲलिल टोल्युइडीन या पदार्थात कार्बनचे १०, हायड्रोजनचे १३ आणि नायट्रोजनचा १ अणू असतो. त्याचे दोन रेणू घ्यायचे, ऑक्सिजनचे तीन अणू मिळवायचे, पाण्याचा एक रेणू बाहेर पडू द्यायचा. बेरीज-वजाबाकी करून पाहा, हिशेब तंतोतंत जुळतो!

कागदावर जुळतो, पण निसर्गात जुळत नाही. त्या काळी रेणूत अणू किती हे मोजता येत होते, पण ते एकमेकांना कसे जोडलेले आहेत हे कोणालाच माहीत नव्हते. माझ्या वडिलांच्या धंद्यातले उदाहरण द्यायचे तर, तेवढ्याच लाकडात आणि तेवढ्याच खुंट्यांत पाभरही होते आणि पाळणाही होतो. नुसते लाकूड मोजून वस्तू ओळखता येत नाही, सांधे पाहावे लागतात. विल्यमने पोटॅशियम डायक्रोमेट वापरून प्रयोग केला. क्विनाइन पांढरे असते, त्याच्या हाती आला तो तांबूस-तपकिरी चिखल.

दुसरा कोणी असता तर भांडे घासून मोकळा झाला असता. विल्यमने विचार केला की, हे असे का होते ते तरी पाहावे. त्यासाठी त्याने अधिक साधा पदार्थ, ॲनिलीन, घेतला आणि तोच प्रयोग पुन्हा केला. या वेळी तळाशी बसला काळाकुट्ट साका. आणखी वाईट! त्याने तो साका धुतला, वाळवला आणि मद्यार्कात टाकला. मद्यार्क जांभळा झाला. पिकलेल्या जांभळाचा रस पाण्यात पिळावा तसा नव्हे, त्याहून कितीतरी तेजस्वी.

येथपर्यंतची गोष्ट योगायोगाची आहे. शोध केवळ योगायोगाने लागला असे अनेक जण म्हणतात, ते मला पटत नाही. ॲनिलीनपासून रंग दिसतात हे पर्किनच्या आधीही माहीत होते. फ्रीडलीब रुंगे या जर्मन रसायनज्ञाने १८३४ सालीच डांबरातील या द्रव्यापासून निळा रंग आलेला पाहिला होता. पाहणारे होते, पण त्याच्या मागे जाणारे नव्हते. पर्किनची थोरवी त्या जांभळ्या मद्यार्कात नाही, त्यानंतर त्याने काय केले यात आहे.

आपल्या हाती आलेला पदार्थ आहे तरी काय, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. घरी केलेल्या वस्तूचे नाव बाटलीवर छापलेले नसते. ती ओळखायची तर तिलाच प्रश्न विचारावे लागतात. कशात विरघळतेस? कशात विरघळत नाहीस? आम्लात काय होते, अल्कात काय होते? ज्ञात पदार्थांपैकी कोणाशी तुझे जमते? पर्किनने हे सर्व केले. नुसता रंग दिसणे आणि रंगद्रव्य असणे यांत फरक आहे. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो आणि उन्हात टाकला की उडून जातो, हे आपल्या घरातील प्रत्येक बाईला ठाऊक आहे. म्हणून पर्किनने रेशमाचा तुकडा त्या द्रवात बुडवला. रंग चढला. मग तो तुकडा साबणाने धुतला. रंग उतरला नाही. काही दिवस उजेडात ठेवला. फिकटला नाही. त्या काळचे बहुतेक जांभळे रंग उन्हाला टिकत नसत, हा टिकला.

तरीही त्याने आपल्याच परीक्षेवर विश्वास ठेवला नाही. आपल्या घरात आपणच केलेली वस्तू आपणच तपासली, तर चूक लपून राहू शकते. त्याने रंगवलेले रेशीम स्कॉटलंडमधील पर्थ गावच्या पुलर या नावाजलेल्या रंगारी पेढीकडे पाठवले. १८५६ च्या जून महिन्यात रॉबर्ट पुलर यांचे उत्तर आले. रंगाने माल फार महाग होणार नसेल तर हा शोध मोठ्या मोलाचा ठरेल, रेशमावर असा पक्का रंग मिळत नाही, असे त्यांचे मत पडले. सुतीवर मात्र तो नीट बसत नाही, हेही त्यांनी दडवले नाही. खरा परीक्षक असाच असावा, गुण सांगणारा आणि उणेही सांगणारा.

२६ ऑगस्ट १८५६ रोजी पर्किनने पेटंट घेतले. एकवीस वर्षे पूर्ण नसलेल्या मुलाला पेटंट मिळते की नाही, अशी शंका निघाली होती. कायदेतज्ज्ञांचा सल्ला घेऊन ती दूर करावी लागली.

आता खरी कसोटी होती. पर्किनने महाविद्यालय सोडून कारखाना काढायचे ठरवले. हॉफमन नाराज झाले. हाताशी आलेला हुशार विद्यार्थी एका रंगापायी विद्या सोडून चालला, असे त्यांना वाटले. गुरूंचा रोष पत्करणे त्या मुलाला सोपे गेले नसेल. आपण संशोधन कायमचे गमावून बसू, ही भीती त्याच्या स्वतःच्या मनातही होती. आणि या वेळी पुढे आले ते वडील. ज्यांना रसायनशास्त्र नको होते, त्याच जॉर्ज पर्किन यांनी जन्मभराची जवळजवळ सगळी पुंजी या कारखान्यात घातली. थोरला भाऊ टॉमस धंद्यात उतरला. लंडनच्या वायव्येला ग्रीनफर्ड ग्रीन येथे, कालव्याच्या काठी, १८५७ च्या जूनमध्ये बांधकाम सुरू झाले.

त्या घराने केवढे धाडस केले हे ध्यानात घ्या. तिघांपैकी कोणीही पूर्वी रसायनांचा कारखाना आतून पाहिलेला नव्हता. ॲनिलीन बाजारात विकत मिळत नव्हते, तेही स्वतःच करावे लागणार होते. बेंझीनवर तीव्र आम्लांची क्रिया करताना स्फोटाचा धोका होता. त्यासाठी लागणारी लोखंडी भांडी कोठे तयार मिळत नव्हती, ती स्वतः आखून घडवून घ्यावी लागली. शिवाय सुती कापडाचा प्रश्न होताच. रंग धाग्याला धरून ठेवणारे मधले द्रव्य हवे होते. ते टॅनिनच्या रूपाने सापडले. येथे मला आपल्याकडच्या रंगाऱ्यांची आठवण झाली. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवून मग रंगवायचे, ही आपल्याकडची फार जुनी रीत आहे. हिरड्यातही टॅनिनच असते. जे लंडनला प्रयोगाने कळले, ते येथील रंगाऱ्याच्या हाताला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. फक्त ते का होते, हे कोणी लिहून ठेवले नव्हते.

सहा महिन्यांत कारखान्यातून रंग बाहेर पडू लागला. १८५८ च्या जानेवारीत आपल्या कन्येच्या विवाहप्रसंगी व्हिक्टोरिया राणीने फिक्या जांभळ्या रंगाचा पोशाख केला. फ्रान्सच्या सम्राज्ञीलाही हा रंग प्रिय होता. मग काय विचारता! लंडनच्या बायका जांभळ्यात न्हाऊन निघाल्या. एका विनोदी साप्ताहिकाने या लाटेला गोवराच्या साथीची उपमा दिली. फ्रेंच लोकांनी या रंगाला एका रानफुलावरून मॉव्ह नाव दिले आणि रंगद्रव्याला मॉव्हीन म्हणू लागले. पूर्वी जांभळा हा राजेलोकांचा रंग असे, कारण तो समुद्रातील शिंपल्यांपासून थेंबाथेंबाने गोळा करावा लागे. आता तो दुकानात काम करणाऱ्या मुलीच्या फितीवरही दिसू लागला. माझ्या आईच्या पेटीत एक जांभळे लुगडे आहे. त्याचे मूळ कोठे आहे हे तिला सांगितले, तेव्हा तिने ते पुन्हा एकदा उलटसुलट करून पाहिले.

१८६८ साली ग्रेबे आणि लीबरमन या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी युरोपातील मंजिष्ठाच्या मुळातील लाल रंगद्रव्य, अलिझरीन, कृत्रिम रीतीने तयार करून दाखवले. पण त्यांची पद्धत फार खर्चाची होती. पर्किनने डांबरातूनच ते स्वस्तात करण्याची रीत शोधली आणि २६ जून १८६९ रोजी पेटंटसाठी अर्ज केला. जर्मन मंडळींचा अर्ज एकच दिवस आधी, २५ जूनला, दाखल झालेला होता! अखेर दोघांत समझोता झाला. १८७१ साली पर्किनच्या कारखान्यातून २२० टन अलिझरीन बाहेर पडले. कारखान्यातले अलिझरीन आणि मुळातले अलिझरीन एकच आहे का, हे येथेही तपासावे लागले. तपासताना पर्किनला आपल्या मालात मिसळलेले दुसरेच एक रंगद्रव्य सापडले आणि त्याने तेही वेगळे करून ओळखले. विकला जाणारा मालही तो विद्यार्थ्याच्या डोळ्यांनी पाहत होता.

या यशाची दुसरी बाजू सांगितली नाही तर इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून माझे चुकेल. स्वस्त अलिझरीन बाजारात आले आणि फ्रान्स-हॉलंडमधील मंजिष्ठाची शेते ओस पडली. आपल्याकडे वऱ्हाड-खानदेशात आल नावाच्या झाडाची लागवड होत असे. त्याच्या मुळांपासून लाल रंग काढीत. आलेतील रंगद्रव्य वेगळे, पण बाजारात काम तेच, म्हणून तीही लागवड बुडाली. १८९७ साली जर्मन कारखान्याची नीळ आली आणि शेतातील निळीचे दिवस भरले. ज्या निळीने बंगालच्या रयतेला पिळले, ती गेली याचे दुःख कोणी करावे? पण आल लावणाऱ्याचे आणि ती उकळून जाजमे, पागोटी रंगवणाऱ्याचे काय झाले, हे कोणत्या पुस्तकात सविस्तर सापडत नाही. गोदावरीपलीकडच्या पैठणच्या रेशमालाही पुढे कृत्रिम रंग लागले. नव्या विद्येचा रंग चढतो तेव्हा कोणाच्या तरी घरातील चूल विझते, हेही त्याच गोष्टीचे पान आहे.

१८७४ साली पर्किनने कारखाना विकून टाकला. वय अवघे छत्तीस! पुरेसा पैसा मिळाला होता आणि कॉलेज सोडतानाची ती भीती त्याला खोटी ठरवायची होती. खरे तर धंद्यात असतानाही त्याचे संशोधन थांबले नव्हते. १८६८ साली त्याने कूमरिन हे सुगंधी द्रव्य प्रयोगशाळेत तयार केले होते. वाळत्या गवताला जो गोड वास येतो, तो याच द्रव्याचा. त्यासाठी वापरलेली रासायनिक क्रिया आजही पर्किनच्या नावाने शिकवली जाते. कारखाना विकल्यावर त्याने घराशेजारी प्रयोगशाळा बांधली आणि उरलेली तीस-बत्तीस वर्षे तेथे काढली. पदार्थावर चुंबकीय शक्तीचा प्रभाव असताना त्यातून जाणारा प्रकाश कसा वळतो, हे तो मोजत बसे. त्या मापनावरून रेणूची रचना ओळखता येईल का, हा त्याचा ध्यास होता. म्हणजे अठराव्या वर्षी ज्याने अडवले तोच प्रश्न, लाकूड मोजून भागत नाही, सांधे कसे पाहायचे? १८८३ ते १८८५ तो केमिकल सोसायटीचा अध्यक्ष होता. त्याचे तीन मुलगे रसायनज्ञ झाले.

१९०६ साली मॉव्हच्या शोधाला पन्नास वर्षे झाली. देशोदेशींचे शास्त्रज्ञ लंडनला जमले, पर्किनला सर ही पदवी मिळाली, अमेरिकेत त्याच्या नावे पदक सुरू झाले. पुढच्याच वर्षी, १४ जुलै १९०७ रोजी, न्यूमोनियाने त्याचे निधन झाले.

तोवर त्याच्या रंगातून कितीतरी वाटा फुटल्या होत्या. ॲनिलीन रंगांनी पेशी रंगवल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली रंगसूत्रे दिसू लागली. रॉबर्ट कॉख यांना १८८२ साली क्षयाचे जंतू दिसले, तेही रंगवल्यामुळेच. पाउल एर्लिख यांनी १८९१ साली मिथिलीन ब्लू हा रंगच हिवतापाच्या रोग्यांना देऊन पाहिला. हिवतापावर औषध शोधायला निघालेला मुलगा वाट चुकून रंगाकडे गेला, आणि त्याच रंगांच्या वाटेने वैद्यक पुन्हा हिवतापापर्यंत आले! क्विनाइन प्रयोगशाळेत तयार करण्याचा मार्ग मात्र १९४४ साली अमेरिकेतील वुडवर्ड आणि डोअरिंग यांनी दाखवला. पर्किनच्या त्या सुट्टीनंतर अठ्ठ्याऐंशी वर्षांनी.

आता या चरित्रातील मला सर्वांत आवडलेली गोष्ट सांगते. पर्किनने मॉव्हीनचे पृथक्करण करून १८६३ साली त्याचे रेणुसूत्र मांडले, १८७९ साली पुन्हा मांडले. पण तो पदार्थ नेमका काय आहे हे त्याला आयुष्यभर पुरते कळले नाही. त्याचे ॲनिलीन शुद्ध नव्हते. त्यात टोल्युइडीन नावाची भावंडे मिसळलेली होती. गंमत अशी की, तो मळ नसता तर मॉव्हीन झालेच नसते. १९९४ साली मेथ-कोन आणि स्मिथ या संशोधकांनी जुन्या नमुन्यांची आधुनिक यंत्रांनी तपासणी केली. मॉव्हीन हा एक पदार्थ नसून मुख्यतः दोन पदार्थांचे मिश्रण आहे, आणि पुस्तकांत छापलेली त्याची रचना चुकीची आहे, असे आढळले. २००८ साली आणखी बारकाईने पाहिले तेव्हा त्यात बारा-तेरा जवळची भावंडे सापडली. ज्या रंगावर एक उद्योग उभा राहिला, ज्याने राण्या सजल्या, त्याची पक्की ओळख पटायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली. आणि ती पटवता आली, कारण पर्किनने केलेला मूळ पदार्थ बाटल्यांत आणि कापडांवर जपून राहिला होता. कोणी तो पुन्हा तपासू शकत होते.

आपल्याकडेही या विद्येचे पाऊल लवकर पडले होते. प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० साली बडोद्याला कलाभवन उभे करण्यात पुढाकार घेतला आणि रंगांचे रसायन देशी मुलांना शिकवले. १८९६ साली मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला चापेकर बंधूंनी डांबर फासले. ते डाग काही केल्या निघेनात, ते अखेर गज्जर यांनी काढले. डाग कशाचा आहे हे ओळखल्याशिवाय तो निघत नाही, हा साधा धडा त्यातही आहेच. ज्या डांबरातून राणीच्या आवडीचा रंग निघाला, तेच डांबर तिच्या पुतळ्यावर चढले, ही इतिहासाची थट्टा म्हणायची.

दहावीनंतर मला विज्ञान शाखेला जायचे होते. त्यासाठी तालुक्याला खोली घेऊन राहावे लागले असते, ते जमण्यासारखे नव्हते. आमच्या भागात दसऱ्याच्या आधी ऊसतोड कामगारांच्या गाड्या दुरुस्तीला येतात. दिवसरात्र वडिलांचा किंकरा आणि वाकस चालू असतो. त्यांचे पैसे मुकादमाकडून उचल मिळाल्यावर गाडीवाले देतात, आणि त्या पैशांतून माझी फी भरली जाते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. बी. ए. होऊन काय होणार, हे वडिलांना माहीत नाही. खरे सांगायचे तर मलाही अजून नीट माहीत नाही.

पूर्वी मला याची लाज वाटे. पर्किनचे चरित्र वाचल्यावर वाटेनाशी झाली. जॉर्ज पर्किन यांनी पुंजी लावली तेव्हा त्या काळ्या साक्याचे रेणुसूत्र जगात कोणालाच माहीत नव्हते. एवढेच माहीत होते की, तो धुतला तरी जात नाही आणि उन्हात ठेवला तरी उडत नाही. मुलाने तेवढी परीक्षा करून दाखवली होती आणि बापाने तेवढ्यावर भरवसा टाकला. आपणही आपल्याला धुऊन पाहावे, उन्हात ठेवून पाहावे, आणि दुसऱ्यांनी तपासले तर रागावू नये. पक्के नाव मिळायला वेळ लागला तर लागू द्यावा.

हा लेख लिहून झाल्यावर मी वडिलांना वाचून दाखवला. ते एका चाकाचा आरा बसवत होते. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारले, तो मुलगा कॉलेज सोडून गेला त्याचे ते गुरुजी पुढे त्याच्याशी बोलले की नाही? मी सांगितले की, पुढे हॉफमन स्वतःच ॲनिलीनच्या रंगांवर काम करू लागले आणि त्यांनीही एक जांभळा रंग शोधला. वडील हसले आणि पुन्हा आऱ्यावर वाकले.